शेवटच्या रांगेतला मफलर

खुर्चीला मफलर बांधला होता. शेवटच्या रांगेतली, जिन्यालगतची, खांब आड येत असल्यामुळे अर्धंच मैदान दाखवणारी ती त्यांची खुर्ची. किल्लीवाले पायऱ्यांवरच थबकले. म्हणजे आठवण ठेवली होती तर.

या स्टँडची रीतच होती तशी. नेहमीचा माणूस सामन्याला आला नाही, की त्याच्या खुर्चीला फुटबॉल क्लबचा मफलर बांधायचा. माणूस नसला तरी त्याची जागा आहे, एवढंच सांगायचं. किल्लीवाल्यांनी स्वतः कितीतरी मफलर बांधले होते. कुलपं-किल्ल्यांचं दुकान लवकर बंद करून ते सगळ्यांच्या आधी येत, त्यामुळे कोण आलं नाही हे त्यांना बरोबर कळायचं. बोलणं मात्र बेताचंच. मान हलवली, झालं. बायको गेल्यापासून तर तेवढंही जड व्हायला लागलं होतं.

मग ऑपरेशन झालं आणि सगळा हिवाळा घरात गेला. मुलगी फोन करायची, गोळ्यांची चौकशी करायची आणि घाईघाईत ठेवून द्यायची. छताकडे बघत पडल्या पडल्या ते एकच विचार करत: आपल्या खुर्चीला कुणी मफलर बांधला असेल का? या वयात हे असले लाड! स्वतःचीच लाज वाटायची, पण विचार काही पिच्छा सोडायचा नाही.

आणि आता हा समोर मफलर. चांगली दुहेरी गाठ मारलेला.

पुढच्या रांगेत नेहमीचा कल्ला चालला होता. विषय अकरा नंबरचा खेळाडू. रंगारी म्हणत होता, महिने उलटले, एक गोल नाही, नुसता शोभेचा बाहुला झालाय. बाकावर बसवला ते बरंच केलं, आता विकूनही टाका. नर्सबाई त्याच्यावर तुटून पडल्या. फॉर्मचं काय, आज गेला, उद्या येईल. पण लांबच्या देशातून आलेल्या पोराला आपणच एकटं पाडणार असू, तर त्या कठड्यावर ‘इथे सगळे आपलेच’ असं एवढं मोठं कशाला रंगवलंय? ते रंगाऱ्यानेच रंगवलं होतं.

किल्लीवाल्यांना हसू आलं. बाईंचं म्हणणं त्यांना अगदी पटलं. आज आपणही बोलायचं, त्यांनी ठरवलं. निदान आभार तरी मानायचे. ते खुर्चीपाशी गेले आणि गाठ सोडायला लागले.

“अहो काका, राहू द्या तो,” नर्सबाई मागे वळून म्हणाल्या. “आमच्या अकरा नंबरसाठी बांधलाय. त्याला बाकावर बसवलंय ना, म्हणून. नाहीतरी ही खुर्ची कायम रिकामीच असते.”

किल्लीवाल्यांची बोटं गाठीवर तशीच राहिली.

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. नजरेत खरीखुरी माया होती. त्यांनी शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागा करून दिली.

“पहिल्यांदाच आलात वाटतं? संकोच करू नका, इथे बसा. आमच्याकडे कुणी परकं नसतं.”

किल्लीवाल्यांनी सुटत आलेली गाठ पुन्हा घट्ट केली.

“हो,” ते म्हणाले, “पहिल्यांदाच.”