धाकटी

लेकीने सूक्ष्मदर्शकात डोकावून पाहिलं. आईची गाठ मजेत होती.

गाठीचा कणभर तुकडा तिने प्रयोगशाळेत बाटलीत वाढवला होता. रोज गुलाबी द्रव बदलायचा, ऊब जपायची, पाळण्याशी उभं राहावं तसं श्वास धरून बघायचं. नवं औषध या बाटलीत लागू पडलं, तरच डॉक्टर ते आईला देणार होते. औषध घालून झालं होतं. पेशी मात्र तळ घट्ट धरून दाटीवाटीने वाढतच होत्या.

का, ते तिला ठाऊक होतं. कापड रंगवायच्या कारखान्यातली वाफ माणसाच्या अंगात काय करते, यावरच तिचं सगळं संशोधन. हे औषध निजलेलं असतं. त्या वाफेतलं विष मुरलेल्या पेशीच त्याला जागं करतात, आणि जागं झालं की ते त्यांनाच गिळतं. बाटलीतल्या ताज्या द्रवात पेशींतलं ते विष हळूहळू धुऊन जातं, म्हणून बाकीच्या प्रत्येक बाटलीत तिने ते न चुकता थेंब थेंब सोडलं होतं. याच बाटलीत हात धजत नव्हता. आईचं ते. आज नको, उद्या घालू, असं करत करत तिने आईच्या गाठीला अगदी स्वच्छ खाऊ घातलं होतं.

दुपारी ती रस्ता ओलांडून रुग्णालयात गेली. आई उशीला टेकून बसली होती. समोरचं सूप तसंच गार झालेलं.

“धाकटी काय म्हणते?” आईने विचारलं. बाटलीतल्या गाठीला हे नाव तिनेच ठेवलं होतं.

“मजेत आहे.”

“जेवते?”

“भरपूर.”

“कोणावर गेलीये कोण जाणे. तू तर एकेका घासाला घरभर पळवायचीस मला.”

लेक हसायला गेली आणि तिचा बांध फुटला. इतके दिवस ओठांआड धरलेलं सगळं बाहेर आलं. ही गाठ त्या कारखान्याचीच देणगी आहे, आई. मला शिकवायला म्हणून तू त्या वाफेत उभी राहिलीस. आणि आता औषधाची परीक्षा खरी व्हायची, तर तेच विष तुझ्या पेशींना मी माझ्या हाताने घालायला हवं.

“कसं घालू गं?”

आईने तिचा हात ओढून मांडीवर घेतला.

“वेडे, तुझं ते संशोधन कोणापायी चाललंय, हे मला कळत नाही होय? मी आहे तशी दाखव की त्या औषधाला. नटवून काय पाठवतेस?”

लेकीने त्याच संध्याकाळी बाटलीत थेंब सोडला. विष मुरू दिलं. मग औषध घातलं.

आणि एका सकाळी पाहते, तर दाटी विरलेली. पेशींची पकड सुटली होती. गोल गोल होऊन त्या एकेक करून द्रवात तरंगत होत्या. तिने पुन्हा पाहिलं. बाटली बदलली तर नाही ना, म्हणून वरचं नाव वाचलं. मग अंगावरच्या पांढऱ्या कोटानिशी ती तशीच धावत सुटली.

“आई,” ती दारातूनच म्हणाली, “धाकटी गेली.” आणि हसता हसता रडायला लागली.

आईने डोळे मिटले. तिचे ओठ नुसतेच हलले. देवाचे आभार मानत असेल, असं वाटून लेक जवळ वाकली.

“जास्त त्रास नाही ना झाला गं तिला?” आईने विचारलं.