घरची माणसं

फक्कीचा डबा रिकामा झाला तेव्हा कुरखेड्याच्या तलावाकाठी अख्खी इमारत जमिनीवर उतरली होती. तीन मजल्यांवरची एकवीस घरं अमरने मैदानात शेजारी-शेजारी चुन्याने आखली होती, भिंतीला भिंत, दाराला दार. झोपड्या सोडून इथे राहायला येणाऱ्या लोकांनी आपापल्या घरात उभं राहून बघावं, खोट असेल तर आत्ताच सांगावी. दुपारी सरकारी साहेब येऊन नकाशावर सही करणार होते. त्यानंतर एक वीट इकडची तिकडे होणार नव्हती.

अमर पुण्याचा आर्किटेक्ट. पण खुर्चीत बसून नकाशे काढणाऱ्यांतला नव्हे, हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. दिवाळीनंतर आठ दिवस तो या मासेमारांच्या मोहल्ल्यात घरोघर फिरला होता. छापील फॉर्मवर 'कुटुंबातील एकूण व्यक्ती' असं होतं. ही काय बोलायची भाषा झाली? त्याने ते खोडलं आणि प्रत्येक दारात साधं, आपुलकीने विचारलं, "घरात माणसं किती?"

उत्तरं मात्र चक्रावणारी मिळाली. कुठे एक, कुठे दोन, फार झाली तर चार. बावीस झोपड्यांत मिळून त्रेचाळीस. चुलीवर पातेली एवढाली, दारात चपलांचा ढीग, आणि राहणारी दोन माणसं? अमरने डोकं खाजवलं. मग कुणीतरी सांगितलं की मंडईचे, म्हणजे इथल्या जत्रेचे, दिवस आहेत, घरोघर पाहुणे उतरलेत. तेव्हापासून तो आठवणीने विचारू लागला, "पाहुणे सोडून सांगा हं, फक्त घरची माणसं."

आकडे तेच राहिले. बाकीची मंडळी कामाला परमुलखात जात असतील, असं त्याने अहवालात लिहून टाकलं.

बाकी सगळं शिकवलं ते मोहल्ल्यातल्या भागीरथाबाईंनी. वारा कुठून येतो, मासोळी कुठे सुकते, ओलं जाळं जिन्यावरून का नेता येत नाही, बसायला ओटा किती उंच हवा. अमर लिहून घेत राहिला. गच्चीवरचे वाळवणाचे कठडे त्यांचे, रुंद ओटा त्यांचा, जांभूळ न तोडण्याचा हट्टही त्यांचाच. त्यांच्या झोपडीत मात्र आढ्यापर्यंत जाळी होती. दारात दोन पोरी जाळं विणत बसलेल्या.

"घरात माणसं किती, बाई?"

भागीरथाबाईंनी पायाच्या अंगठ्याने माती उकरली. "एकबी नाई, बाबू."

त्या जेवायला शेजारी दीर खुशालभाऊंकडे जायच्या, हे अमरने पाहिलं होतं. झोपडी जाळ्यांसाठीच असणार. त्याने शून्य लिहिलं.

निघताना त्या त्याच्या मागे सडकेपर्यंत आल्या होत्या. "माहं तेवढं पान्याच्या तोंडावर द्या, बाबू. बाकी मले काई नाई पायजे. मागची भिंत येत्या बरसातीच्या पान्यात पडतेच पहा."

"दिलं, बाई. शब्द आहे माझा," अमर म्हणाला होता. आणि आज त्याने तो पाळला होता. तलावाला अगदी खेटून, सगळ्यात मोक्याच्या जागी, जाळ्यांची सामायिक खोली.

साहेब आले. अमरने हाक दिली, "चला, आपापल्या घरात उभे राहा!"

खुशालभाऊ आपल्या रेघांत शिरले, त्यांचा मुलगा विक्की शिरला. एकवीस घरांत त्रेचाळीस जण हातपाय पसरून उभे राहिले. कुठेही दाटी नाही. अमरच्या छातीत आनंद मावेना.

जांभळीखाली मात्र ही गर्दी. बाया, पोरी, म्हाताऱ्या, कुणी काखेत लेकरू घेतलेल्या. मंडई होऊन चार महिने लोटले, पाहुणे अजून इथेच? त्याला काही कळेना.

"खुशालभाऊ, एवढे पाहुणे?"

"पाहुने कुठचे जी? आपलेच सारे," खुशालभाऊ हसले.

केवढ्या मोठ्या मनाचे लोक, असं अमरला वाटलं.

"जागा पुरते ना सगळ्यांना?" साहेबांनी मोठ्याने विचारलं.

"पुरते जी! मस्त हाये!" रेघांमधून आवाज आला.

साहेबांनी गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला, सही केली, शिक्का मारला आणि धूळ उडवत निघून गेले. अमर कितीतरी वेळ त्या ओल्या शिक्क्याकडे बघत राहिला.

जांभळीखालून भागीरथाबाई पुढे आल्या. दोन्ही पोरी मागे होत्या. त्या पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत रेघांच्या कडेने चालत गेल्या, परत आल्या.

"माहं कोनतं, बाबू?"

"हे काय! पाण्याच्या तोंडावर, सांगितलं होतंत तसं. तुमच्या जाळ्यांची खोली."

"जाळे झाले. आन् आमी कुठी राहाचं?"

अमर गोंधळला. "तुम्ही खुशालभाऊंकडे राहता ना?"

"नाई जी. जेवन तेवढं भाऊ देते, घर तं आमचं थे जाळ्याचं झोपडंच."

त्याने घाईघाईने पिशवीतून तो फॉर्म काढला आणि शून्यावर बोट ठेवलं. "पण बाई, मी विचारलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, घरात एकही माणूस नाही!"

"खोटं नाई सांगलं, बाबू." भागीरथाबाईंनी पोरींना जवळ ओढलं आणि जांभळीखालच्या गर्दीकडे पाहिलं. "माहा मानूस मरून सहा वर्सं झाले. आन् बाया किती हाये, हे तं तुमी या मोहल्ल्यात कोनालेच पुसलं नाई."