डावीकडचा जिना

"मावशी, बाण डावीकडे दाखवायचा होता!"

चौथ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये मॅनेजर कपाळाला हात लावून उभा होता. मावशीने स्टुलावरून उतरून ओलं फडकं खांद्यावर टाकलं. समोरच्या सागवानी भिंतीवर, आग लागली तर बाहेर पडायची वाट दाखवणारा हिरवागार बाण चिकटला होता. तो उजवीकडे, मोठ्या साहेबांच्या केबिनवरून खाली जाणाऱ्या जिन्याकडे बघत होता. असाच बाण तिसऱ्यावर होता, दुसऱ्यावर आणि पहिल्यावरही. बाणाचं एक बरं असतं, उलटा धरला की बिचारा दुसरीकडे बोट दाखवतो.

"डावीकडेही जिना आहेच ना?" मॅनेजर म्हणाला.

"डावीकडे पायऱ्या आहेत, साहेब. अठ्ठ्याऐंशी. रोज पुसते मी. पण खाली दाराला कुलूप. जो कुठे पोचवत नाही त्याला जिना कशाला म्हणायचं?"

कुलूप मॅनेजरनेच लावलं होतं. मागच्या दाराने लोक चहाला सटकायचे म्हणून.

"अहो, आगीची तपासणी म्हणजे बाण मोजायचे आणि सही ठोकायची. त्या पायऱ्या उतरतंय कोण? आणि मोठ्या साहेबांना त्यांच्या केबिनकडे वळणारा बाण चालायचा नाही. काढा तो आधी."

"नाही काढणार."

हॉलमधल्या टायपिस्ट बायकांची बोटं थांबली. मॅनेजरने आवाज खाली आणला. "मावशी, उद्यापासून दुसरी बाई येईल हं इथे."

"येऊ दे की. तिलाही कुलूप दिसेलच. डोळे असतात आम्हाला."

लिफ्टचं दार उघडलं. हातात फाइल घेतलेली तपासणीची मॅडम बाहेर आली. आल्या आल्या तिने फाइलमधला इमारतीचा नकाशा पाहिला, मग भिंत पाहिली.

"नकाशात बाण डावीकडे आहे. इथे उजवीकडे?"

"चूक झाली, मॅडम," मॅनेजर लगबगीने म्हणाला. "आमची झाडणारी बाई. अडाणी आहे हो, डावं-उजवं कळत नाही. आत्ता बदलतो." मग मावशीकडे वळून, अगदी प्रेमाने, "चुकून लागला ना, मावशी? हो म्हणा."

एवढंच म्हणायचं होतं. हो म्हटलं की उद्याचा झाडू तिचाच. तिला तो झाडू हवाही होता. घरी बसून सुनेच्या हाताखाली भाजी निवडण्यापेक्षा चार मजले पुसणं तिला परवडायचं.

मावशीने खांद्यावरचं फडकं काढलं, नीट घडी केली आणि मॅनेजरच्या हातात ठेवलं.

"चुकून नाही, मॅडम. शुद्धीत लावलेत, चारही. तुम्हाला वेळ असेल तर या, बाण जिकडे हवा होता तिकडेच जाऊ."

"अहो, ऐका..." मॅनेजर म्हणाला. पण ती डावीकडे वळली होती, आणि मॅडम तिच्यामागे.

जिन्यात दिवा नव्हता. मावशी पुढे, कठड्याला हात न लावता, स्वतःच्या स्वयंपाकघरात चालावं तशी. मॅडम मागे, एकेक पायरी चाचपत. खाली आल्यावर मावशी बाजूला झाली. मॅडमने दार ढकललं. पुन्हा ढकललं. मग अंधारात कुलूप हाताला लागलं, मुठीएवढं.

"किल्ली?" मॅडमने वर पाहून मोठ्याने विचारलं.

वरून, जिन्यात घुमत मॅनेजरचा आवाज आला, "आणतो, आणतो! ड्रॉवरमध्येच असेल!" पावलं धावली. एक ड्रॉवर आपटल्याचा आवाज आला, मग दुसरा. मग शिपायाला मारलेली हाक. कठड्यावरून टायपिस्ट बायकांची डोकी एकामागून एक खाली वाकली. कोणी हसत नव्हतं.

मावशी शेवटच्या पायरीवर बसली आणि शेजारची जागा पदराने पुसली.

"बसा, मॅडम. आज धूर नाहीये. सापडेपर्यंत वेळ आहे आपल्याकडे."