निळ्या लेबलची रेकॉर्ड

"बंद दिसतंय. चल घरी," आई म्हणाली.

दुकानाचं दार सताड उघडं होतं. उद्घोषक हसला. "आई, आत दिवे लागलेत. गाणं चालू आहे. आणखी काय, बँड लावून बोलवायला हवं का तुला?"

"मग तू जा. मी इथंच बसते," म्हणत तिनं दाराजवळचं स्टूल ओढलं. आधीच्या दोन दुकानांतही ती अशीच दाराशी बसली होती. गुडघ्यांचं निमित्त.

उद्घोषक म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा. बसस्थानकावर गाड्यांच्या सूचना देणं हे त्याचं काम. आवाज असा खर्जातला, की गाडी तासभर उशिरा येणार हेसुद्धा प्रवासी शांतपणे ऐकून घेत. आवाज बाबांवर गेलाय, असं तो ज्याला त्याला सांगायचा. बाबा त्याला आठवत नव्हते, पण त्यांचा आवाज तोंडपाठ होता. घरी निळ्या लेबलची एक लहानशी रेकॉर्ड होती. लेबलवर नाव नाही, साथीला वाद्य नाही, नुसता एक खोल, संथ आवाज. आई ती लावायची आणि म्हणायची, "ऐक, बाबा गातायत." प्लेअरला मात्र ती कुणाला हात लावू देत नसे. त्याच्या खटक्यावर तिनं चिकटपट्टी मारून ठेवली होती. नाजूक आहे, म्हणायची.

मागच्या आठवड्यात कपाट सरकवताना ती रेकॉर्ड फुटली. तो चिकटवायला गोंद घेऊन येईपर्यंत आईनं तुकडे कचऱ्यात टाकलेसुद्धा. त्याच्या फोनमध्ये एक कडवं तेवढं उरलं होतं. ते ऐकून ऐकून तो रडवेला झाला आणि शेवटी रजा टाकून शहरातली रेकॉर्डची दुकानं पालथी घालायला निघाला. कधी हौसेनं बाहेर न पडणारी आई म्हणाली, "मीही येते."

आणि काय एकेक दुकानं! पहिलं सायकल दुरुस्तीवाल्याच्या डोक्यावर, लाकडी जिन्यानं वर. मालक बाळाच्या मऊ ब्रशनं एकेका रेकॉर्डची धूळ झटकत होता. दुसरं तळघरात. तिथल्या अवलियानं रेकॉर्ड नावांप्रमाणे लावल्याच नव्हत्या. एका फळीवर लिहिलं होतं, 'भांडण झाल्यावर'. दुसरीवर, 'समजूत पटल्यावर'. दुसरी फळी बरीच मोकळी होती. आपण जन्मापासून याच शहरात राहतो आणि हे सगळं आपल्या पायाखाली, डोक्यावर वाजत होतं, या विचारानं उद्घोषक थक्क झाला होता.

दोन्ही दुकानदारांनी फोनवरचं कडवं डोळे मिटून ऐकलं. "कोण हा माणूस? असा आवाज आम्हाला कसा माहीत नाही?" उद्घोषकाची छाती फुगली. पण रेकॉर्ड कुणाकडेच नव्हती.

हे तिसरं आणि शेवटचं दुकान. जमिनीपासून छतापर्यंत रेकॉर्ड. जुन्या पुठ्ठ्याचा वास. देवळात शिरल्यासारखा त्याचा आवाज आपोआप खाली आला.

"निळं लेबल? नाव नसलेलं?" मालकीणबाई लगबगीनं शिडीवर चढल्या. "इथं पूर्वी एक स्टुडिओ होता. हौशी गायकांना रेकॉर्ड करून द्यायचे. तो बंद झाला तेव्हा उरलेलं सगळं मी उचलून आणलं."

वरून काढलेल्या खोक्यात निळ्या लेबलची एकच निघाली. त्यांनी ती लावली.

आवाज एका मुलीचा होता.

"ही नव्हे," तो म्हणाला. त्याला भडभडून आलं. मग तो थबकला. "पण शब्द तेच आहेत. चालही तीच. बाबांचं गाणं ही कशी गातेय?"

"ते फोनवरचं पुन्हा ऐकवा बरं," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांनी ते ऐकलं, क्षणभर विचार केला आणि प्लेअरचा खटका खाली ओढला.

गाणं रेंगाळलं, खोल उतरलं. आणि बाबा गाऊ लागले. फोनमधल्यासारखे चिरके नव्हे. खोलीभर, भिंतीभर. उद्घोषकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "हेच! हेच माझे बाबा!"

मालकीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "लहान रेकॉर्ड अशी वाजवत नाहीत हो," त्या हळूच म्हणाल्या. "ही भरभर फिरते. मी मुद्दाम मंद केली."

त्यांनी खटका वर केला. मुलगी पुन्हा गाऊ लागली. स्वच्छ, मोकळा, निर्भर आवाज. आता त्यानं तो नीट ऐकला आणि त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. इतकं सुंदर गाणं त्यानं उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"मग ही कोण?" त्यानं विचारलं.

आई केव्हा स्टुलावरून उठून आत आली, त्याला कळलंच नव्हतं. ती फिरत्या रेकॉर्डकडे बघत होती.

"बाबांचा आवाज ऐकव म्हणून तू जमिनीवर लोळण घेतली होतीस," ती म्हणाली. "घरात माझाच होता."