तटाची माती

वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले आणि कंत्राटदाराने टेबलावर अशी मूठ आपटली की नकाशावरच्या सोंगट्या नाचल्या.

"मेले सगळे!" तो ओरडला.

या खेळात तो मातीचा जादूगार होता. गावाच्या वेशीवर चाळीस शत्रू कुऱ्हाडी घेऊन तुटून पडले होते. त्याने हात उचलताच जमीन फाटली, वीस हात उंच तट उभा राहिला आणि शत्रूची पहिली फळी त्याखाली चिरडली गेली. बरगड्या मोडल्या. एकाचं मुंडकं दगडांच्या सांध्यात अडकलं. खेळ चालवणारी त्याची धाकटी बहीण हे सगळं चवीचवीने सांगत होती. समोरचा दातांचा डॉक्टर इथे तलवारबाज होता. तोच कानांवर हात ठेवून हसत होता.

फोन थरथरला. पुन्हा मुकादम. सकाळी कंत्राटदाराने त्याचा फोन एकदा घेतला होता. नव्या इमारतीच्या पायाच्या खड्ड्याला लागून असलेल्या तीनमजली घराला भेग गेली होती. पोकलेन थांबवू का, असं मुकादम विचारत होता. "जुनं घर आहे, भेगा असायच्याच. खड्डा आज पुरा करा," असं सांगून याने विषय संपवला होता. आठवड्यातून एक दुपार खेळायला मिळते, तर तिथेही ही कटकट. त्याने फोन पालथा घातला.

"तट अजून दहा हात उंच," तो म्हणाला. "आणि त्यातून भाल्यांसारखे सुळके काढतो."

फासा पुन्हा पावला. सुळके पोटांतून आरपार गेले. आतडी लोंबू लागली. काही बांधायला घेतलं की दादाला भान राहत नाही, हे बहिणीला लहानपणापासून ठाऊक होतं. एकदा किल्ला करायला त्याने तिच्या झोपाळ्याच्या खांबाखालची माती उकरली होती. झोपाळा तिच्यासकट कोसळला; तिच्या हनुवटीवर तो वण अजून आहे.

"दादा, माती कुठून घेतलीस?" तिने विचारलं.

"कुठून म्हणजे? जादू आहे ही."

"जादूने माती हलते. नवी तयार होत नाही. एवढा तीस हात तट उभा केलास, त्याची माती कुठली?"

"शेजारची. हाताशी होती ती घेतली."

बहिणीने नकाशावर बोट ठेवलं. तटाला लागूनच धान्याचं कोठार होतं. गावातली म्हातारी माणसं आणि पोरं तिथे लपली होती. पहिल्या डावात त्यानेच त्यांना तिथे नेलं होतं.

"कोठाराखालची जमीन गेली," ती म्हणाली. "आधी भिंतीला भेग पडली. मग तुळई मोडली. एक आजी नातवाला खिडकीतून बाहेर देत होती. ती खिडकीच खाली गेली."

डॉक्टरचं हसू थांबलं. कंत्राटदार एरवी प्रत्येक नियमावर हुज्जत घालायचा. आज त्याने पालथा फोन उचलला. मुकादमाचा नंबर लावला.

मुकादमाने लगेच उचलला.

"मशीन बंद करा! शेजारच्या घरातली माणसं आधी बाहेर काढा, सगळी!"

पलीकडे एक बाई जिवाच्या आकांताने कुणाला तरी हाका मारत होती. मुकादमाचा घसा धुळीने बसला होता.

"साहेब," तो म्हणाला, "तेच विचारायला पाच वेळा फोन केला."