रस्त्यापलीकडच्या बाई

पटावर अकराच मुलं म्हणून शाळा बंद करायचा आदेश आला, तेव्हा शाळा बचाव समितीने शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीसमोरच वर्ग भरवला.

सरकारी नोकराला आंदोलनात बसता येत नाही, म्हणून बाई रस्त्यापलीकडे रसवंतीच्या आडोशाला उभ्या होत्या. पोरांनी त्यांना पाहिलं होतं. बारा वर्षं शिकवून आज आपणच तोंड लपवतोय, हे बाईंना खात होतं.

समितीच्या सुभद्राकाकूंनी हजेरी घेतली. अकरा वेळा "हजर" झालं. मग काकू बोलून गेल्या, "आणि आपल्या बाई?"

बाई आडोशाला आणखी मागे सरकल्या. साहेब दारातच उभे होते. एकाने जरी बोट दाखवलं, तर नोकरी गेली.

"हजर!" अकराही पोरं एका सुरात ओरडली. रस्त्यापलीकडे मात्र एकानेही पाहिलं नाही.

बाईंनी तिथूनच हात जोडले.