दोन आठवड्यांची सेवा

२०२२ साली नगरच्या चर्चच्या मंडळीतले सहा जण दोन आठवड्यांच्या सेवेसाठी इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला गेले. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना भेटायचं आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, एवढंच काम. निवृत्त शिक्षिका रूथबाईंच्या वाट्याला सत्त्याऐंशी वर्षांच्या जॉयस आल्या.

"तुमच्यासाठी काय मागू?" रूथबाई रोज विचारायच्या.

"काही नको. माझं छान चाललंय," जॉयस रोज हसून म्हणायच्या.

रूथबाईंचा जीव खालीवर होऊ लागला. एवढ्या लांब येऊन रिकाम्या हातांनी परतायचं?

शेवटच्या सकाळी जॉयसनीच विचारलं, "आणि तुमच्यासाठी मी काय मागू?"

"काही नको. माझं छान चाललंय."

"अहो, हे इथे आम्ही सगळेच म्हणतो! दोन आठवडे बघतेय, फोन हातात घेता आणि ठेवून देता. कोणाला करायचाय?"

रूथबाईंना खोटं बोलवेना. "मुलाला. सुबोधला. इथेच, रीडिंग शहरात असतो. त्याच्या लग्नाला मी गेले नव्हते."

"मग लावा की. मी डोळे मिटून तुमच्यासाठी मागत बसते."

संध्याकाळी सुबोध बायकोला घेऊन जॉयसच्या दारात उभा राहिला.

चर्चच्या पाळकसाहेबांनी अहवालात रूथबाईंच्या नावापुढे लिहिलं, 'प्रार्थना: एक'. ती कोणी केली, हे त्यांना अजून ठाऊक नाही. रूथबाई नगरलाच असतात. सून स्नेहल दर रविवारी चर्च सुटलं की त्यांना फोन लावते. जॉयस पुढच्या हिवाळ्यात गेल्या. नात्यातलं कोणी उरलं नव्हतं, म्हणून शवपेटीला खांदा द्यायला सुबोध रीडिंगहून गेला.